खालच्यांची पंगत

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनावावरून गाव काढलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काय खाता?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. याच प्रश्नावर मी याआधी दोन घरमालकांकडे नापास झालो होतो. म्हणून सावधपणे म्हणालो, "सगळं खातो. पण खोलीत शिजवणार नाही."

"शिजवा की! त्यात काय लाजायचं? मटण रोज खाता का कधीमधी, तेवढं सांगा."

"रविवारी."

"म्हंजे सहा दिवस पहिल्या मजल्यावर आणि रविवारी दुसऱ्या. बरं हाय," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. घराला वर खोली एकच होती. मी किल्ली घेऊन बराच वेळ दुसरा मजला शोधत होतो.

हे आमचे सर. आयुष्यभर बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रंकाळ्याच्या पलीकडे एका कॉलनीत त्यांचं घर होतं आणि मी विमा कंपनीच्या बदलीवर नाशिककडून कोल्हापुरात येऊन पडलो होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'पावणं' म्हटलं आणि पुढं मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो तरी पावणंच राहिलो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

मजल्यांचा उलगडा पहिल्या रविवारी झाला. परीक्षेत ज्या धड्यावर जेमतेम एक प्रश्न येतो, असा एक धडा सरांच्या डोक्यात कायमचा राहायला आला होता. ऊन पानावर पडतं, पान त्याचं अन्न करतं, ते पान शेळी खाते आणि शेळीला आपण खातो. झाडं तळमजल्यावर, पाला खाणारे पहिल्या मजल्यावर, त्यांना खाणारे दुसऱ्या. प्रत्येक मजला चढताना ऊर्जेच्या दहा भागांतले साधारण नऊ भाग उष्णता होऊन उडून जातात आणि एकच वर पोचतो. हे सगळं त्यांनी मला मटणाच्या ताटावर सांगितलं. रस्सा निवत होता, सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, डोळ्यांनी मला 'तुम्ही जेवा' म्हणत होत्या आणि सर हातातली भाकरी पुस्तकासारखी धरून बोलत होते.

"गळक्या घागरीनं जिना चढायचा, पावणं. वर पोचस्तवर घागरीत काय ऱ्हातंय? चूळ भरण्यापुरतं पाणी. त्यातली ही एक फोड तुमच्या ताटात. टाकू नका."

मी कधी टाकत नव्हतोच. पण त्या दिवसापासून मी हाडंसुद्धा जरा जास्त वेळ चोखू लागलो.

स्वतः सर मटणाची एकच फोड घ्यायचे आणि बाकी रश्श्यावर भागवायचे. मटणाच्या दुकानात मात्र स्वतः जायचे. तिथं इतर गिऱ्हाईकं मांडीचं द्या, कलेजी घाला असं सांगत असताना सर विचारायचे, "ह्यानं काय खाल्लंय?" दुकानदार पहिल्या पहिल्यांदा चिडला असणार. पुढं पुढं तोच आधी सांगू लागला, "सर, डोंगराकडचं हाय, बाभळीचा पाला खाल्लेलं." सर समाधानानं मान हलवायचे.

काकू सरळ बाई होत्या. माहेर कबनूरचं, घरात यंत्रमाग, त्यामुळं खडखडाटात मोठ्यानं बोलायची सवय लहानपणापासून लागलेली. कॉलनीत सरांबद्दल कुणी काही बोललं की काकूंच्या आवाजापुढं टिकत नसे, आणि घरात सरांचा टिकत नसे. सर रोज सकाळी अंघोळ करून तुळशीला हात जोडतात, हे बघून लग्नानंतर काकूंना बरं वाटलं होतं. चला, देवाधर्माचं थोडं तरी आहे म्हणायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस तुळशीनंतर कुंडीतल्या कोथिंबिरीला हात जोडतो, मग शेवग्याला आणि शेवटी कुंपणावर आपोआप उगवलेल्या कसल्याशा वेलालाही.

"ही काय पूजा म्हणायची?" काकूंनी विचारलं होतं.

"पूजा न्हवं. कामाला लागलेल्या माणसाला आपण रामराम घालतो का न्हाय? ही एवढीच राबत्यात. बाकी आपण सगळी बसून खाणारी."

उन्हात खुर्ची टाकून ते भडंग खात बसायचे. तळहात उन्हात धरून बघायचे आणि खिन्न व्हायचे. इतकं ऊन अंगावर पडतं आणि त्यातलं आपल्याला काही खाता येत नाही, हे त्यांना खरोखर लागायचं. गरिबाच्या पोरानं हलवायाच्या दुकानापुढं उभं राहावं तसे ते दिसायचे. मी एकदा म्हणालो की सर, ड जीवनसत्त्व मिळतं की. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी गप्प माझ्या ऑफिसला गेलो.

शेजारी एक वास्तुतज्ज्ञ होते. त्यांनी आमच्या दाराशी उभं राहून 'या कोपऱ्यात पॉझिटिव्ह एनर्जी फार आहे' असं सांगितलं. सरांनी विचारलं, "किती कॅलरी?" ते हसले. सर हसले नाहीत, उत्तराची वाट बघत उभे राहिले. माणसं थट्टेनं बोलली की सरांना कळायचं नाही आणि सर गंभीरपणे बोलले की माणसांना थट्टा वाटायची, हा कायमचा घोळ होता.

जयसिंगपूरला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो होतो. हल्लीच्या पद्धतीनं उभ्यानं जेवण. मी आणि काकू ताटं घेऊन पुढं गेलो आणि मागं वळून बघतो तर सर नाहीत. उष्टी ताटं टाकायच्या टबाशी ते उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात वाकून बघत होते आणि खणखणीत आवाजात सांगत होते, "ह्यो जिलबीचा तुकडा म्हंजे उसाची पेरं हाईत, ताई. वरीसभर ऊन खाऊन त्यात साखर भरलीया. आणि तुमी टाकताय?"

लोकांना वाटलं हा केटररचा माणूस. बायका ओशाळून ताटं टबात टाकण्याऐवजी त्यांच्या हातात देऊ लागल्या. एका सुटातल्या गृहस्थानं तर सांगितलं, "पावणं, त्या टेबलाला पाणी पाठवा जरा." सरांनी जाऊन पाणी दिलं आणि परत टबाशी येऊन उभे राहिले. नवऱ्या मुलाचा बाप धावत आला आणि हात जोडून त्यांना व्यासपीठाकडं घेऊन गेला. परतीच्या एसटीत काकू एवढंच म्हणाल्या, "लग्नाला आलतो का ड्यूटीला?"

पण सगळेच प्रसंग असे हसण्यावारी गेले नाहीत. सरांच्या कॉलेजातले एक जुने सहकारी वारले. शोकसभेत एका वक्त्यानं आवाज कापरा करून सांगितलं की त्यांची ऊर्जा इथंच आहे, आपल्या सगळ्यांत आहे, कारण विज्ञानच सांगतं की ऊर्जा अविनाशी असते. समोर त्या सहकाऱ्यांची बायको बसली होती. तिनं डोळे पुसून मान हलवली. आणि सर उठले.

"अविनाशी हाय, पण इथं न्हाय," ते म्हणाले. "माती फिरती, पाणी फिरतं. ऊन फिरत न्हाय. ते एकदाच येतंय, ह्याच्यातनं त्याच्यात जातंय आणि गरम होऊन वर निघून जातंय. परत बोलवायची सोय न्हाय."

सभागृहात कुणाला कुठं बघावं कळेना. काकूंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. त्यानंतर दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सर जिना चढून माझ्या खोलीत आले.

"पावणं, चुकीचं बोललो काय मी?"

"चुकीचं नव्हतं, सर. पण तिथं बोलायचं नव्हतं."

"बरोबर असल्यावर का बोलायचं न्हाय?"

मी बरंच समजावलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते, कच्चा विद्यार्थी ऐकतो तसे, पण त्यांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. त्यांना त्या बाईंचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. फक्त, खोटं ऐकून कुणाला बरं कसं वाटू शकतं, हेच त्यांना कळत नव्हतं. मला त्या दिवशी त्यांचा थोडा राग आला होता.

घरामागं एक खड्डा होता. स्वयंपाकघरातल्या साली, चहाचा चोथा, पालापाचोळा, काकूंचे विंचरलेले केस, एकदा तर काकूंची जुनी सुती साडीही त्या खड्ड्यात गेली. साडीवरून मोठं भांडण झालं होतं. गांडुळं, किडे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारं बाकीचं गणगोत, या सगळ्यांना मिळून सर 'खालचे' म्हणत. संध्याकाळी बादली घेऊन निघाले की म्हणायचे, "चला, खालच्यांची पंगत बसवून येतो." त्यांचं म्हणणं असं, की वरच्यांना वाढायला सगळं जग उभं असतं. खालच्यांना कोण वाढतं? आणि खालचे जेवले नाहीत तर तळमजल्याला उद्या काही मिळणार नाही.

थंडीत सकाळी त्या खड्ड्यातून वाफ निघायची. सरांनी एकदा माझा हात कोपरापर्यंत आत घालायला लावला. आत चांगलंच ऊन लागत होतं.

"गरम हाय न्हवं? जेवण चाललंय," ते समाधानानं म्हणाले. मी वर जाऊन साबणानं तीनदा हात धुतला.

सरांचं जयसिंगपूरजवळ वडिलोपार्जित थोडं शेत होतं. ते दिनकर नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी वाट्यानं करायचा. दिनकर बारावीत दोनदा नापास झालेला, पण धड्यातला धडा खरा घेतला तो त्यानंच. ऊस गेल्यावर शिवारातले सगळे पाचट, म्हणजे मागं राहिलेला उसाचा वाळका पाला, पेटवायचे, दिनकर पेटवायचा नाही. सरांनी सांगितलं होतं की ते खालच्यांचं ताट आहे. गावानं त्याला येडं ठरवलं, तरी त्याच्या लेखी सर सांगतील ती पूर्व दिशा.

आता ज्या वादासाठी मी हे सगळं लिहितोय, त्या वादाकडं येतो. त्या घरात नवराबायकोत एकच खरा वाद होता. मेल्यावर काय करायचं, हा.

कोल्हापुरात स्मशानाला शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, दान करायची पद्धत आहे. होळीच्या आधी तरुण मंडळांची पोरं दारोदार फिरतात, होळी लहान करा म्हणतात आणि शेणी गोळा करून ट्रॅक्टरनं पंचगंगेवरच्या स्मशानात पोचवतात. कुणाच्याही मयताला त्या उपयोगी पडतात. सगळं गाव या गोष्टीचा अभिमान बाळगून आहे. आमच्या दाराशी मात्र दरवर्षी तमाशा व्हायचा.

"शेण शेतात घाला," सर म्हणायचे. "जाळताय कशाला?"

"सर, मेल्यावर तुमाला काय वापरायचं मग?" पोरं विचारायची. त्यांना उत्तर पाठ होतं, तरी विचारायची.

"मला न्हाय लागत. मी पुरून घेणार हाय. माझ्या शेतात. अंगात जेवढं ऊन साठलंय ते जाळलं तर तासादोन तासात आभाळात. खालच्यांच्या तोंडाला एक घास न्हाय. जल्मभर खाल्लं मी, पोरांनो. एकदा वाढू द्या की मला."

पोरं हसत हसत पुढच्या दाराशी जायची आणि काकू मागून येऊन गुपचूप शेणीसाठी काहीतरी देऊन यायच्या. अशा रीतीनं साऱ्या कॉलनीला, सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आणि कबनूरच्या सासुरवाडीला सरांची इच्छा ठाऊक झाली होती. सरांच्या हृदयात डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या आणि ते काकूंपेक्षा बरेच मोठे होते. आधी तेच जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळं वाद चालायचा तो त्यांच्याच देहाचा.

"आमच्यात पुरत न्हाईत," काकू म्हणायच्या. "मी जिती हाय तवर हे व्हायचं न्हाय."

"म्हणून तर साक्षीदार करून ठेवतोय," असं म्हणून त्यांनी मला पुढं केलं. "पावणं विम्यातलं हाईत. मेल्यावरचं त्यांना कळतंय. पावणं, म्हणा, मी सरांना पुरायला लावीन."

मी म्हणालो. काय करणार? घरमालक होते. आणि ऑफिसात रोज मृत्यूचे दावे निकाली काढत असल्यामुळं असल्या गोष्टी बोलताना माझा आवाज हलत नसे.

एकदा सकाळी काकू पायरीवर मेथी निवडत होत्या. सर पलीकडं पेपरात डोकं घालून बसले होते. काकू मला सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "यांचं काय करायचं ते करा, दादा. मला मातूर जाळा. मातीत घालू नका. मला अंधारात न्हाय ऱ्हावत." हे खरंच होतं. लहानपणापासून त्यांना अंधाराचं भ्या. रात्री झीरोचा दिवा लावल्याशिवाय त्या झोपत नसत आणि सर त्यावरूनही बोलायचे, की वीज होते दगडी कोळशावर, दगडी कोळसा म्हणजे फार जुनं ऊन, ते तू झोपण्यात जाळतेस.  त्या सकाळी मात्र त्यांनी नुसतं पेपराचं पान उलटलं. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

काकू थंडीच्या दिवसांत गेल्या. चहा गाळता गाळता 'कसंतरी होतंय' म्हणून खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी ऑफिसला निघालो होतो, तो डबा तसाच ठेवून खाली आलो. त्यांची मुलगी पुण्याला होती, तिला मीच फोन केला.

बातमी पसरली आणि नको ते घडलं. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं सरांच्या बोलण्याची टर उडवली होती, त्या सगळ्यांना एकदम सरांच्या तत्त्वाचा मान राखायची उबळ आली. वास्तुतज्ज्ञ म्हणाले की सर आयुष्यभर जे बोलले ते आज करून दाखवायची वेळ आहे. मंडळाची पोरं म्हणाली की सरांपुढं शेणींचा विषयच काढायला नको. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर भराभर निरोप गेले. आणि जयसिंगपूरहून दिनकर जीप घेऊन दारात हजर झाला. त्यानं पोलीस पाटलांच्या कानावर घातलं होतं, जेसीबी बोलावला होता आणि शेतात खड्डा काढून तयार ठेवला होता. डोळे रडून लाल झालेले, पण चेहऱ्यावर एखादं मोठं काम वेळेत केल्याचं समाधान होतं.

"सर, सगळं तयार हाय," तो म्हणाला. "चांगला खोल घेतलाय. खाली पाचट आंथरलंय."

सर काकूंच्या पायाशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

तेवढ्यात कबनूरहून काकूंचा भाऊ आला. त्याला सगळे मामा म्हणत. यंत्रमागवाला गडी, छातीनं रुंद. आला तो बहिणीच्या अंगावर पडून रडला आणि रडणं संपतंय तोवर कुणीतरी त्याच्या कानात खड्ड्याचं सांगितलं.

"दाजी!" तो उठून उभा राहिला. "माझ्या भैनीला मातीत घालून दावाच! दोन गाड्या माणसं आणल्यात मी."

"सरांचा शब्द हाय, मामा," दिनकर म्हणाला.

"कुणाचा शब्द? माझी भैन हाय ती!"

"आणि सरांची कोण हाय?"

दारात शववाहिका उभी होती. चालक खिडकीतून डोकं काढून विचारत होता की पंचगंगेला घ्यायची का जयसिंगपूर रस्त्याला लावायची. अंगणात दोन तट पडले. सगळे सरांबद्दल बोलत होते, सरांना कुणी विचारत नव्हतं. काकूंनी काय म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं आणि ते सांगायला मी पुढं सरकलो. मला भीती वाटत होती. सरांनी नाही म्हटलं तर? शोकसभेत उठून उभा राहिलेला माणूस होता तो. खरं सोडून बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि त्यांच्या हिशेबी जाळणं म्हणजे सरळसरळ नासाडी.

मी बोलायच्या आत सर उठले. कुणीतरी 'दिवसाउजेडी लाईट कशाला' म्हणून खोलीतली ट्यूब बंद केली होती. गर्दीनं दार आणि खिडकी भरून गेल्यामुळं काकू होत्या तिथं अंधारलं होतं. सर भिंतीला धरून धरून बटणापर्यंत गेले आणि त्यांनी ट्यूब लावली. ती दोनदा लुकलुकून पेटली. मग ते बाहेर आले.

"पंचगंगेला घ्या," चालकाला म्हणाले.

"सर, खड्डा काढलाय की," दिनकर म्हणाला.

"कुणी सांगिटलं?"

"तुमीच. कवापासनं सांगताय."

"ते मी माझं सांगिटलंय," सर म्हणाले. "हिचं हिनं सांगिटलंय. हिला अंधार चालत न्हाय."

मामा जो हात उगारून उभा होता, त्याच हातानं त्यानं सरांना धरलं आणि तो मोठ्यानं रडायला लागला. मंडळाची पोरं शेणी बघायला पुढं पळाली.

स्मशानात सरांनीच अग्नी दिला. शेणींचा जाळ लाकडासारखा उसळत नाही. तो आतून धरतो, पण धरला की जवळ उभं राहवत नाही. लोक एकेक पाऊल मागं सरकत गेले. सर सरकले नाहीत. थंडीत शेकोटीपुढं उभे राहतात तसे दोन्ही तळवे पुढं करून उभे होते. कुणाला वाटलं ते काही प्रार्थना वगैरे म्हणताहेत. मी त्यांना जास्त ओळखत होतो. जे निघून चाललं होतं, जे परत येत नाही असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं, ते जाता जाता जेवढं अंगावर घेता येईल तेवढं ते घेत होते.

"सर, मागं या," मी म्हणालो. "भाजेल."

"व्हय, आलो," ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मी इतक्या मरणांचे कागद हाताळले आहेत, पण मला तिथं रडू आवरेना. शेवटी मुलीनं येऊन त्यांना दंडाला धरून मागं घेतलं. त्यांच्या हाताचे केस होरपळले होते.

पुढं काही दिवस घर फार शांत होतं. मुलगी पुण्याला चला म्हणाली, सर गेले नाहीत. संध्याकाळी बादली घेऊन मागं जायचे, पंगत बसवून यायचे, पण तोंडानं तसं म्हणायचे नाहीत. मी रात्रीचं जेवण खाली त्यांच्याबरोबर करू लागलो. भाजी मला जमायची, भाकरी दोघांनाही जमत नव्हती. वाईट भाकरी ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे.

अशातच एका रविवारी दिनकर आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, उसाच्या गोष्टी झाल्या. मग चाचरत म्हणाला, "सर, ते खड्ड्याचं काय करायचं? तसाच हाय अजून. मी म्हणतो असू दे. तुमचं पुढं..." आणि त्यानं जीभ चावली.

"बुजव," सर म्हणाले.

"मग तुमचं, सर?"

"माझं बी पंचगंगेलाच करा. हे पावणं हाईत, त्यांच्यादेखत सांगतोय. आधीचा शब्द सोडला."

दिनकरला ते सोसलं नाही. ज्या एका धड्यासाठी तो गावात येडा ठरला होता, तो धडाच सर पुसायला निघाले होते. त्याचा आवाज चढला. "सर, तुमीच शिकवलं न्हवं? जाळलं की सगळं वर जातंय. खालच्यांना काय मिळत न्हाय. परत येत न्हाय म्हणून तुमीच..."

"व्हय. त्यातलं काय बी खोटं न्हाय."

"मग?"

सर अंगणातल्या उन्हाकडं बघत होते.

"मग काय. ती गेली तिकडंच जाऊ दे की माझं," ते म्हणाले. "गाठ पडायची न्हाय, ते मला ठावं हाय. पण वाट तरी एकच असंल."

 दुसऱ्या दिवशी दिनकरनं खड्डा बुजवला.